बारभाईंच्या मळ्यातला न लिहिलेला पगार

वाचकाचं पत्र:

"आम्ही ४० कुटुंबांनी मिळून एक एकर जमीन भाडेपट्ट्यानं घेतली आणि सहकारी भाजीमळा सुरू केला. यंदा तिसरं वर्ष. प्रत्येक घराचं भागभांडवल सारखं, हंगामाची वर्गणी आगाऊ, आणि दर आठवड्याला एक टोपली भाजी. एक माळीदादा पगारावर आहेत. बाकीच्या कामासाठी प्रत्येक घरानं महिन्यातून दोन वेळा तीन-तीन तास यायचं, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात आमची चौघांची घरं धरून अकरा घरं येतात. मग आम्ही चौघं आपल्या पाळ्या सोडून आणखी वर, प्रत्येकी महिन्याला तीसेक तास, रोज संध्याकाळी जाऊन काम ओढतो. गेल्या हंगामात काकडी इतकी आली की लोक टोपली नको म्हणायला लागले. नंतर पाच आठवडे पालक आणि मुळ्याखेरीज काही नव्हतं. सहा घरांनी वर्गणी परत मागितली आहे. माळीदादांना पाच जण पाच सूचना देतात आणि ते सोडून जायच्या विचारात आहेत. गैरहजर राहणाऱ्यांना दंड लावायचा ठराव येत्या सभेत येतोय. मी त्याच्या बाजूनं उभी राहू का? आणि वर्गणी परत द्यायची का? — एका मळ्याची दमलेली सचिव"

सचिवताई,

दंडाच्या बाजूनं उभ्या राहू नका. विरोधातही बोलू नका. तो ठराव पुढच्या सभेवर ढकला. त्यावर चर्चा झाली तर ती न येणाऱ्या एकोणतीस घरांची होईल, आणि तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटतं की या मळ्याचा प्रश्न त्यांच्यापेक्षा तुम्हा चौघांचा जास्त आहे. रागावू नका. आधी आकडे मांडू.

४० घरं, दोन पाळ्या, तीन तास, म्हणजे महिन्याला २४० तास. ही झाली कागदावरची मेहनत. अकरा घरं येतात, म्हणजे ६६ तास. कमी पडले १७४. आता एखादा माणूस रोज आठ तास, महिन्याचे बावीस दिवस कामाला आला तर किती तास होतात? १७६. तुमच्या मळ्यात एक अख्खा दुसरा कामगार कमी आहे, ताई. तो कधी नेमलाच नव्हता, कारण त्याची जागा चाळीस घरांच्या उत्साहानं भरून निघेल असं पहिल्या वर्षी सगळ्यांना वाटलं होतं. आज ती जागा तुम्ही चौघं १२० तास देऊन भरताय. उरलेले ५४ तास वाफ्यांत तण होऊन उभे आहेत.

आणि हे कुणालाच दिसत नाही. टोपली दर आठवड्याला दारात येते. वर्गणी तीच. मग येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला, दोघांनाही वाटतं की मळा या पैशांत आणि एवढ्या कामात चालतो. तो चालत नाही. तुम्ही लष्कराच्या भाकऱ्या भाजताय म्हणून चालल्यासारखा दिसतो. संस्थेच्या हिशोबात जो पगार कधी लिहिला गेला नाही, तो तुमच्या गुडघ्यांतून आणि घरच्या कुरबुरींतून वसूल होतोय.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, ठेच लागलेली आहे. अशाच एका मळ्यात मी चौदा महिने पाण्याची जबाबदारी एकटीनं ओढली. कुणी विचारलं की म्हणायचे, "राहू दे, मी बघते." त्यात थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू. मग तापानं दहा दिवस अंथरुणाला खिळले. तेव्हा लक्षात आलं की दुसऱ्या ओळीचा कॉक नेमका कुठे आहे आणि तो अर्धाच का फिरवायचा, हे माझ्याशिवाय एकालाही ठाऊक नाही. टोमॅटोची रोपं माना टाकून बसली. सभेत लोक माझ्यावरच चिडले, आणि तेव्हा मला ते फार लागलं. आज वाटतं, त्यांचं बरोबर होतं. मी संस्थेला मदत करत नव्हते, तिला अडाणी ठेवत होते.

आता दंडाकडे येते. इस्राएलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांत एक प्रयोग झाला होता. ग्नीझी आणि रुस्तिचिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांतल्या सहा पाळणाघरांत छोटासा दंड लावला. उशीर कमी व्हायला हवा होता, तो वाढला. आणि दंड काढून टाकल्यावरही पूर्वीच्या पातळीवर आला नाही. आधी उशीर झाला की पालकांना ओशाळं वाटायचं. दंड आल्यावर उशीर ही विकत मिळणारी सोय झाली. तुमच्याकडेही हेच होईल. आज न येणारा निदान रस्त्यात भेटल्यावर नजर चुकवतो. उद्या तो ताठ मानेनं म्हणेल, "पैसे भरलेत ना?"

मग सामुदायिक कामात शिक्षा नसावीच का? तसंही नाही. सामायिक पाणी, जंगल, कुरणं लोक पिढ्यान्‌पिढ्या कसे सांभाळतात याचा अभ्यास एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी केला आणि त्यासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये शिक्षा होती, पण ती हलक्यापासून सुरू व्हायची आणि चूक पुन्हा पुन्हा झाली तरच वाढायची. लक्ष ठेवणारे आपल्यातलेच असायचे आणि भांडण मिटवायला लांब जावं लागत नसे. त्यांच्या अभ्यासातलं स्पेनमधल्या वालेन्सियाचं उदाहरण मला फार आवडतं. कालव्याच्या पाण्यावर भाजीपाला करणाऱ्यांचं तिथलं पाणी-न्यायमंडळ दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दारात उघड्यावर भरतं. न्यायाधीश स्वतः शेतकरी, शेतकऱ्यांनीच निवडलेले. सगळं तोंडी, चारचौघांसमोर, आणि निकाल तिथल्या तिथे. तिथेही दंड होतो, पण खरं वजन असतं ते शेजारच्या वाफेवाल्यासमोर उभं राहून उत्तर देण्याला. तुमच्या ठरावात ते उत्तर देणंच गायब आहे, फक्त रक्कम आहे.

म्हणून आधी पुढचे दोन महिने एक वही मळ्यात टांगा. जो येईल त्यानं नाव, तास आणि केलेलं काम लिहायचं. तुम्ही चौघांनीही. "जाऊ दे, अर्धा तासच तर होता" म्हणून सोडायचं नाही. मग खजिनदारांना सांगा की या तासांना माळीदादांच्या तासाच्या दरानं गुणून हंगामाचं अंदाजपत्रक दोनदा मांडा. एक आज आहे तसं आणि दुसरं सगळी मेहनत पैशात धरून. दोन्ही सभेपुढे ठेवा, कुणाचंही नाव न घेता. दुसरा कामगार पूर्णवेळ नेमला तर प्रत्येक घराला त्याच्या पगाराचा चाळिसावा भाग जादा द्यावा लागेल. तो आकडा बघून काही जण म्हणतील, यापेक्षा मी पाळीला येतो. काही म्हणतील, एवढंच ना, मी देतो. दोन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत, आणि तुम्हाला आजवर दोन्हीही मिळालेली नाहीत कारण प्रश्नच विचारला गेला नव्हता.

माझं मत विचाराल तर मधला रस्ता धरा. दोनऐवजी एकच सक्तीची पाळी ठेवा आणि अर्धवेळ एक माणूस पगारावर घ्या. चाळिसातली तीस घरं एकेकदा आली तरी ९० तास होतात, अर्धवेळ माणसाचे ८८. बेरीज १७८. आज सगळे मिळून १८६ देताय, म्हणजे आकडा थोडा कमीच दिसतो. पण सरावाच्या हाताचा तास आणि हौसेच्या हाताचा तास एक नसतो, हे गाजराच्या वाफ्यात नवख्या माणसाला एकदा सोडलं की कळतं. गाजर उगवायलाच दोन-तीन आठवडे घेतं, तण त्याच्या आधी वर येतं, आणि उत्साही सभासद तण समजून गाजर उपटून, नीट ढीग करून, हसत घरी जातो. हौशी लोकांना तोडणी, वजन, टोपल्या भरणं, रोपं लावणं, वाफ्यावर पाचट अंथरणं अशी कामं द्या. त्यांत चूक झाली तरी पीक जात नाही. बारीक खुरपणी आणि फवारणी जाणत्यांकडेच ठेवा.

पाळीही "कधीही या" अशी नको. "कधीही" म्हणजे कधीच नाही. ठरलेला वार, ठरलेली वेळ, आणि शक्यतो ठरलेला वाफा. सात नंबरच्या वाफ्याची वांगी ज्याची आहेत तो माणूस पाऊस असो की पाहुणे, एक चक्कर टाकतोच. ज्यांना वाकता येत नाही किंवा ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, त्यांना हिशोब, निरोप, बियाण्यांची नोंद असं काम द्या आणि ते पाळीइतकंच धरा. आणि सलग दोन पाळ्या चुकल्या तर कार्यालयाचं पत्र पाठवू नका. एखाद्या सभासदानं घरी जाऊन विचारावं, "काय झालं, बरं आहे ना?" वालेन्सियाच्या दारातलं उभं राहणं ते हेच. तरीही फरक पडला नाही तर मग पुढच्या हंगामात त्या घरानं श्रमाऐवजी पूर्ण दरानं वर्गणी भरावी. हा दंड नाही, आधीपासून लिहिलेला दुसरा पर्याय आहे. कुणाला आडवळणानं शिक्षा केल्यासारखं वाटू नये म्हणून तो हंगामाच्या सुरुवातीलाच छापा.

वर्गणी परत देण्याचा प्रश्न दिसतो त्याहून सोपा आहे, फक्त तुमच्याकडे दोन वेगळे पैसे एकाच पिशवीत पडलेत. भागभांडवल म्हणजे सभासदाचा संस्थेतला हिस्सा. तो माणूस बाहेर पडला की नियमाप्रमाणे, वर्षाचे हिशोब झाल्यावर, दर्शनी किमतीनं परत मिळावा. त्यासाठी मुदत आणि नोटीस पोटनियमांत लिहिलेली हवी, नाहीतर सहा जण एकाच वेळी निघाले की बियाण्याचे पैसे त्यांच्याबरोबर जातात. हंगामाची वर्गणी ही वेगळी गोष्ट. ती भाजीची किंमत नाही. बी, खत, पाणी, भाडं आणि पगार यांत ती पेरणीच्या दिवसापासून खर्च होत असते. ती परत देता येत नाही. फार तर उरलेला हंगाम दुसऱ्या कुटुंबाच्या नावे करता येतो. पोटनियमांत वेगळं काही लिहिलं असेल तर आधी ते लेखापरीक्षकाकडून तपासून घ्या. माझ्या सदरावर विसंबून कुणाचे पैसे अडवू नका.

पण सहा घरांनी मागितली, म्हणजे हे त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. जपानमध्ये शेतकरी आणि ग्राहक यांच्या थेट गटांना तेइकेइ म्हणतात. १९७८ साली त्यांनी आपली दहा तत्त्वं मांडली. त्यांतलं एक असं की शेतातून जे येईल ते सगळं ग्राहकांनी स्वीकारायचं. दुसरं, गट योग्य आकाराचाच ठेवायचा. अमेरिकेत १९८६ साली अशी पहिली शेतं सुरू झाली तीही याच समजुतीवर: हंगामाचा खर्च आपण मिळून उचलतो, पीक आलं तर आपलं आणि बुडालं तरी आपलंच. तुमच्या सहा घरांना वाटतंय की त्यांनी दुकानातून भाजी मागवली आणि माल कमी आला. तुमच्या सभासदत्वाच्या अर्जावर "टोपली" हा शब्द किती वेळा आहे आणि "जोखीम" किती वेळा, ते मोजून बघा.

ज्यांना वाढीव वर्गणी खरंच झेपणार नाही, त्यांचं काय? जर्मनीतल्या अशा गटांमध्ये बोलीची पद्धत आहे. अंदाजपत्रक वाचून दाखवतात, सरासरी किती पडते ते सांगतात, आणि मग प्रत्येक घर आपल्याला झेपेल तो आकडा चिठ्ठीवर लिहितं. कुणी जास्त, कुणी कमी. बेरीज खर्चाला पुरली तर झालं, नाहीतर दुसरी फेरी. लोक दुसऱ्याच्या खिशात डोकावत नाहीत आणि मळ्याचा खर्चही भागतो. पहिल्यांदा करताना सगळे घाबरतात. करून बघा.

काकडीचं सांगते. हा निसर्गाचा नाही, तुमच्या रविवारांचा दोष आहे. हवा छान होती, माणसं जमली होती, आणि सगळ्यांनी मिळून सगळं एकाच दिवशी पेरून टाकलं. बरोबर ना? मग सगळं एकाच वेळी काढणीला येणार आणि एकाच वेळी संपणार. नियोजन टोपलीपासून उलटं करायचं. अमुक आठवड्यात टोपलीत काय हवं, त्याला किती दिवस लागतात, म्हणजे पेरणी कधी. मुळा महिना-दीड महिन्यात येतो, पालक दीड महिन्याच्या आत, टोमॅटोला रोप लावल्यापासून दोन ते अडीच महिने लागतात, कोबीला जातीप्रमाणे त्याहूनही जास्त. झटपट येणाऱ्या भाज्या दर दहा-बारा दिवसांनी थोड्या थोड्या पेरायच्या. काकडीचे तीन हप्ते करायचे, तीन-तीन आठवड्यांच्या अंतरानं. शिवाय काकडी तोडायला चुकली तर वेल नवीन फळ धरायला आळस करतो, तेव्हा भर हंगामात तिला एक दिवसाआड माणूस लागतोच. हे कुणाच्या पाळीत आहे ते आत्ताच लिहा.

टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही एकाच घराण्यातली मंडळी. त्यांना एकाच वाफ्यात वर्षामागून वर्ष बसवू नका, निदान तीन वर्षं जाऊ द्या. तिसरं वर्ष आहे म्हणून मुद्दाम सांगते, मातीतले रोग साधारण याच सुमारास तोंड वर काढतात. कुठल्या वाफ्यात कधी काय होतं याचा नकाशा आहे का तुमच्याकडे? की तोही एखाद्याच्या डोक्यातच आहे? आणि कोणती जात लावायची यावर सभेत मतदान घेऊ नका. मी ते पाहिलेलं आहे. चेरी टोमॅटो प्रचंड बहुमतानं निवडून येतात आणि तोडायला एकही मतदार येत नाही.

तरी जास्त आलंच तर वाटपाच्या जागी एक अदलाबदलीची पेटी ठेवा. नको ते त्यात टाका, हवं ते घ्या. एवढ्यानं निम्म्या तक्रारी मिटतात.

आता माळीदादा. खरं तर हे आधी लिहायला हवं होतं, कारण ते गेले तर वरचं सगळं वाया. चाळीस मालकांच्या हाताखाली काम करणं म्हणजे काय, याची कल्पना करा. एक म्हणतो पाणी जास्त झालं, दुसरा म्हणतो कमी, तिसऱ्यानं मोबाईलवर काहीतरी पाहिलेलं असतं. समितीतला एकच माणूस त्यांच्याशी बोलेल असं ठरवा आणि बाकीच्यांनी सूचना त्यालाच द्याव्यात. काय पिकवायचं आणि किती पैशात, हे सभासदांनी ठरवावं. कधी पेरायचं, कधी तोडायचं, आज पाळीवाल्यांकडून कोणतं काम घ्यायचं, हे माळीदादांनी. त्यांच्या शब्दावर पाळीतल्या सभासदानं वाद घालायचा नाही, मग तो संस्थापक का असेना. त्यांना सुट्टी किती आहे, आजारी पडले तर पगार मिळतो का, हेही विचारा. पत्रात तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, आणि मला शंका आहे की समितीतही कुणी बोललेलं नाही.

बारभाईंची शेती, काय लागेल हाती, अशी म्हण आपल्याकडे आहेच, आणि तुमच्या सभेत कुणीतरी ती ऐकवणार. तेव्हा त्यांना रॉचडेलची गोष्ट सांगा. इंग्लंडमधल्या त्या गावात १८४४ साली काही विणकर आणि कारागिरांनी ज्या सहकारी संस्थेची सुरुवात केली, तिच्यावरून पुढे जगभरच्या सहकारानं धडे घेतले. एका सभासदाला एकच मत, भाग कितीही असोत. दुकान उघडलं तेव्हा त्यात लोणी, साखर, पीठ अशा मोजक्या चार-पाच वस्तू होत्या. पण त्यांच्या उद्दिष्टांत एक कलम असंही होतं की संस्थेनं जमीन विकत किंवा भाड्यानं घ्यावी, आणि ज्या सभासदांना काम नाही किंवा ज्यांना फार कमी मजुरी मिळते त्यांनी ती कसावी. मला त्यात हे दिसतं की सामायिक जमिनीवरचं कष्टाचं काम त्यांनी रोजगार म्हणून मांडलं होतं. मोकळा वेळ आहे म्हणून कुणीतरी फुकट करून टाकावं, असं नाही. तुमच्या सभासदांमध्ये कुणाला अर्धवेळ कामाची गरज आहे का? बाहेर जाहिरात देण्याआधी तेवढं विचारा. त्या कामाला पगार ठरलेला असावा, आणि त्या निवडीत समितीतल्या कुणाच्या नात्यातलं माणूस असेल तर समितीतल्या त्या सभासदानं बैठकीतून उठून जावं.

सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिला विषय तासांचा हिशोब, दुसरा माळीदादांचं काम, तिसरा वर्गणीचे नियम. सहा घरांना सभेआधी भेटा, सभेत उत्तर देऊ नका. चारचौघांत हरलेला माणूस परत येत नाही.

आणि एक काम आजपासून. वही टांगली की तुम्ही चौघांनी आपापल्या पाळीपुरतंच जायचं, संध्याकाळच्या चकरा बंद. माळीदादांना आधी सांगून ठेवा, म्हणजे पाणी आणि तोडणी सांभाळली जाईल. बाकी जे राहील ते राहू द्या. थोडं तण वाढेल, एखादा वाफा बिघडेल, कुणीतरी फोन करून विचारेल की यंदा टोपली अशी का. तेव्हा "बघते मी" म्हणायचं नाही. वहीचं पान दाखवायचं. आणि कॉक कुठे आहेत ते आजच कागदावर काढून शेडच्या दाराला चिकटवा.